मिनिटाला वीस थेंब

उपकेंद्राच्या वर माझी खोली, खोलीला गॅलरी,
गॅलरीच्या रेलिंगला सुतळीनं बांधलेल्या
सलाईनच्या रिकाम्या बाटल्या, उलट्या.
खाली गोडलिंब.
देवरुखात मी याला कढीपत्ता म्हणायचे,
तीन वर्षांत जीभ वळली.

कोथिंबिरीला मात्र वेळ लागला.
पहिल्याच आठवड्यात देवकाबाई चाचेरकर जिना चढून आल्या,
"शिष्टरबाई, सांबार हाय का थोडासाक?"
मी म्हटलं, इडली केलीच नाही हो आज.
त्या पायरीवर बसल्या, पदर तोंडाशी,
हसता हसता ठसका लागला.
शुगर तपासायची राहिली ती राहिलीच.

मातीचं त्यांनीच सांगितलं.
"काळी एकटी नोको घालू व बाई,
पानी देल्लं का फुगते, ऊन लागलं का तडकते,
सासूसारखी हाय ते."
मग वणेची वाळू आली सायकलवरून,
गोठ्यातलं दोन वर्षांचं खत,
आणि कूलरचा गंजलेला टब,
जो पाणी धरत नव्हता,
म्हणून सांबार धरू लागला.

लशीच्या फुटक्या थर्माकोल डब्यात पुदिना.
गुलबक्षी मी लावली नाही,
ती कुणाच्या तरी चपलेतून वर आली असावी.
संध्याकाळी पाचच्या सुमाराला उघडते,
ओपीडीचं दार मी ओढून घेते तेव्हा.

रात्री बाळंतीण आली नाही तर स्वयंपाक.
एकटीच्या डाळीला माप नसतं,
मूठभर म्हणता म्हणता दोघींची भिजते.
तूर भरड वाटायची, लसूण, हिरवी मिरची,
सांबार देठांसकट,
मुटके वळून चाळणीवर वाफवायचे.
फुनके.
ताकाच्या कढीत शेवटी गोडलिंबाची फोडणी,
तडतड ऐकून खालचं कुत्रं उठून बसतं.
कधी पहिला घास तोंडात आणि दारावर थाप:
"शिष्टर, पानमोट फुटली!"
पहाटे परत येऊन मी तेच फुनके थंड खाल्लेत,
हाताला डेटॉलचा वास,
आणि चांगले लागलेत.

मे महिन्यात नळ तिसऱ्या दिवशी.
छेचाळीसला पानं कागदासारखी वाजतात.
तेव्हा बाटल्या टांगल्या,
घड्याळ बघून चाक फिरवलं,
मिनिटाला वीस थेंब.
हात तोच, सवय तीच,
फक्त शीर शोधावी लागली नाही.

आणि नेमके लांजेवार साहेब तपासणीला आले.
रजिस्टरं पाहिली, फ्रीजचं तापमान पाहिलं,
अंगणात येऊन टोपी काढली, वर पाहिलं.
"हे काय लावलं?"
सलाईन, साहेब. म्हणजे, साधं पाणी.
"पेशंट कोण?"
गोडलिंब. वय दोन. उन्हानं अशक्तपणा.
ड्रायव्हर मडावीनं तोंड भिंतीकडे केलं.
साहेब हसले नाहीत.
"रिकामी बाटली लाल पिशवीत जाते, माहीत आहे?"
माहीत आहे, साहेब.

जेवणाची वेळ टळली होती, गावात हॉटेल नाही.
वर आले. उभ्यानंच वाटी घेतली,
मग दुसऱ्या वाटीला खाली बसले.
"आमच्या आईची कढी जरा जास्त आंबट असायची,"
एवढंच बोलले, तेही वाटीकडे बघून.
निघताना गोडलिंबाची एक काडी मोडली,
विचारलं नाही,
खिशात पेनामागे खोचली.

संध्याकाळी शेरेबुक उघडलं.
"बाटल्या नियमानुसार तात्काळ जमा कराव्यात."
सही, तारीख, शिक्का.
त्याच्याखाली, दुसऱ्या शाईत, बारीक अक्षरात:
"पाऊस लागल्यावर."

आज सात जून. आभाळ कोरं.
टबातला सांबार फुलावर गेलाय, पांढरा,
आता भाजीच्या कामाचा नाही.
उपटू का, विचारलं, तर देवकाबाई म्हणाल्या,
"राहू दे. धने होतीन."
मी चाक तपासलं.
अठरा. एकोणीस. वीस.